गूगलवर जाहिरात देण्याआधी : शोध-जाहिरातींची साधने कशी वाचावीत

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने स्वतःचे संकेतस्थळ काढले आणि हापूसच्या पेट्या मधल्या दलालांना वगळून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गिऱ्हाईक आणायचे कुठून हा. गूगलवर 'देवगड हापूस पेटी' असे शोधणारा माणूस आंबा घेण्याच्या विचारात असण्याची शक्यता रस्त्यावरचा फलक पाहत जाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि शोधयंत्रांवरच्या जाहिरातींचा एवढा मोठा व्यवसाय या एकाच गोष्टीवर उभा आहे. शोधनिकालांत पैसे न देता वर येण्यासाठी जी खटपट करतात तिला एसईओ म्हणतात. पैसे मोजून त्याच पानावर 'प्रायोजित' अशा खुणेसह झळकण्याला सर्च इंजिन मार्केटिंग, म्हणजेच एसईएम, म्हणण्याची रीत आता रुळली आहे. पुढचे विवेचन दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

या कामाला लागणारी बहुतेक साधने फुकट मिळतात आणि त्यांतली महत्त्वाची साधने जाहिरातीची जागा विकणाऱ्या कंपनीनेच बनवलेली असतात. जागा विकणारा आणि त्या जागेचा किती उपयोग झाला हे सांगणारा, दोघे एकच. म्हणून या साधनांतला प्रत्येक आकडा वाचताना तो घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, पुढे काय घडेल याचा अंदाज आहे, की अधिक खर्च करावा म्हणून केलेली शिफारस आहे, हे आधी ओळखावे लागते. पडद्यावर हे तिन्ही प्रकार सारख्याच रंगात आणि सारख्याच ठाशीव अक्षरांत दिसतात, आणि नवख्याचे पैसे बहुधा तिथेच जातात.

लिलाव कसा चालतो

क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत गूगलने शोधलेली नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या गोटू या शोधयंत्राने ती रूढ केली आणि तिथे जो जास्त बोली लावेल तो वर, असा सरळ हिशेब होता. हीच कंपनी पुढे ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने अ‍ॅडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली, तेव्हा पैसे जाहिरात किती वेळा दिसली यावर घेतले जात. २००२ मध्ये गूगलही क्लिकच्या लिलावाकडे वळला, पण त्याने त्यात एक महत्त्वाची भर घातली : नुसती बोली न पाहता, लोक त्या जाहिरातीवर किती प्रमाणात क्लिक करतात हेही गुणून पाहायचे. २०१८ पासून या सेवेचे नाव गूगल अ‍ॅड्स आहे.

वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून आंब्याचा भाव ठरवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याप्रमाणेच इथेही एकाची बोली दुसऱ्याला दिसत नाही. फरक असा की इथे सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकेलच असे नाही. समजा एका व्यापाऱ्याने क्लिकमागे २० रुपये बोली लावली आहे, पण त्याची जाहिरात मोघम आहे आणि तिचा दर्जा १० पैकी ४ ठरतो. आपल्या बागायतदाराने १२ रुपयेच लावले, पण जाहिरातीत गाव, पेटीतील नग आणि पोचवण्याचे दिवस स्पष्ट लिहिले, त्यामुळे त्याचा दर्जा ८ ठरला. पहिल्याचा गुणाकार ८० आणि दुसऱ्याचा ९६, म्हणून बागायतदार वर जातो. शिवाय त्याला पूर्ण १२ रुपये द्यावे लागत नाहीत. खालच्याला मागे टाकण्यापुरते, म्हणजे ८० भागिले ८, साधारण १० रुपये आणि वर काही पैसे एवढेच लागतात. प्रत्यक्षातले सूत्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे, त्यात शोधणाऱ्याचे ठिकाण, वेळ आणि त्याचे उपकरणही धरले जाते आणि किमान पात्रतेची अटही असते. परंतु चांगली जाहिरात स्वस्त पडते हे तत्त्व कायम आहे.

खात्यात १ ते १० असा जो क्वालिटी स्कोअर दिसतो, तो तीन गोष्टींवर ठरतो : क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, शोधाशी जाहिरातीचा मेळ आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा दर्जा. हा स्कोअर कुठे दुखते आहे हे कळावे म्हणून दाखवलेला असतो, दर लिलावातले गणित त्या क्षणी वेगळे होते. तीनपैकी कोणत्या घटकापुढे 'सरासरीपेक्षा कमी' असा शेरा आहे तेवढे पाहावे आणि एकूण आकड्याच्या मागे धावू नये.

आधी हिशेब, मग मोजणी

कोणतेही साधन उघडण्यापूर्वी कागदावर एक गणित मांडणे आवश्यक आहे. खोका, पेंढा, वाहतूक आणि नासाडी वजा जाता एका पेटीमागे ६०० रुपये सुटतात आणि संकेतस्थळावर येणाऱ्या ४० जणांपैकी एक जण पेटी घेतो असे धरले, तर एका क्लिकला जास्तीत जास्त १५ रुपये देता येतील. त्याहून एक रुपया अधिक गेला की घरचे घालून धंदा सुरू झाला. त्यात जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. ताजा आंबा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे फक्त तोच विकणाऱ्याला जाहिरातीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि म्हणून त्याची खरी मर्यादा १५ नसून सुमारे १२ रुपये ७० पैसे आहे. दिवसाच्या बजेटविषयीही एक गोष्ट ठाऊक असावी. रोजचे ५०० रुपये ठरवले तर एखाद्या दिवशी १००० पर्यंत खर्च होऊ शकतो. गूगल पाळतो ती महिन्याची मर्यादा, म्हणजे दैनिक रकमेच्या ३०.४ पट, अर्थात १५,२०० रुपये.

वरच्या गणितात ४० पैकी एक हा आकडा मनाने धरलेला आहे. तो खरा किती, हे कळण्यासाठी मोजणीची साधने आधी बसवावी लागतात, आणि पहिल्या जाहिरातीवर रुपयाही खर्च करण्यापूर्वी हे व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि टॅग मॅनेजर ही दोन फुकट साधने बहुतेक जण वापरतात. यांतले पहिले, संकेतस्थळावर कोण कुठून आले आणि त्यांनी तिथे काय केले, याची नोंद ठेवते. अ‍ॅनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली असून आता जीए-४ ही आवृत्ती चालते. इंटरनेटवर त्याआधीचे जे असंख्य धडे पडून आहेत, त्यांतील पडदे आजच्या पडद्यांशी जुळत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो. टॅग मॅनेजरमुळे संकेतस्थळाच्या मूळ कोडला वारंवार हात न लावता 'ऑर्डर पूर्ण झाली' किंवा 'फोनच्या बटणावर टिचकी पडली' अशा घटनांची नोंद बसवता येते. अशा मोजण्याजोग्या घटनेला या क्षेत्रात कन्व्हर्जन म्हणतात.

आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. कित्येक गिऱ्हाइके संकेतस्थळावर पैसे न भरता व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाच डझनाची पेटी केवढ्याला?' असे विचारतात आणि व्यवहार तिथेच पुरा होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरची टिचकी मोजता येते, पण ती चौकशी असते, विक्री नव्हे. दोन्ही एकाच नावाखाली मोजल्या तर गूगलची स्वयंचलित बोली, म्हणजे आपल्या वतीने बोली ठरवणारी त्याची यंत्रणा, नुसत्या चौकशा करणारेच अधिक आणून देते, कारण तिला तेच यश म्हणून शिकवलेले असते. यावर उपाय असा की दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी. शक्य असेल तर प्रत्येक क्लिकसोबत येणारा ओळखक्रमांक साठवून, ज्या चौकशांची पुढे विक्री झाली तेवढ्यांचीच यादी नंतर गूगल अ‍ॅड्समध्ये चढवावी. काम किचकट आहे, मात्र हंगामात रोज पन्नास चौकशा येणाऱ्याला ते परवडते.

मागणीचा अंदाज देणारी साधने

गूगल ट्रेंड्स हे २००६ पासून सर्वांना खुले असलेले साधन २००४ पासूनच्या शोधांचा कल दाखवते. त्यातील ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात मागणी सर्वांत जास्त होती तो बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडलेले असतात. किती लोक, यापेक्षा केव्हा आणि कुठे, या प्रश्नाचे उत्तर इथे चांगले मिळते. हापूसची शोधाशोध फळ बाजारात भरपूर येण्याच्या किती आधी सुरू होते आणि मागच्या काही वर्षांत तो चढ अलीकडे सरकला की पलीकडे, हे पाहून जाहिरातीची तारीख ठरवता येते.

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, या संख्येसाठी गूगल अ‍ॅड्सच्या खात्यातील कीवर्ड प्लॅनर वापरतात आणि त्याचे वाचन पुष्कळदा चुकते. फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला तो नेमकी संख्या न देता '१ हजार ते १० हजार' अशी ऐसपैस पट्टी दाखवतो. शिवाय तो आकडा सहसा वर्षाच्या बारा महिन्यांची सरासरी असतो. एखादा शब्द एप्रिल आणि मे महिन्यांत ६-६ हजार वेळा शोधला गेला आणि उरलेले दहा महिने कोणी फिरकले नाही, तर सरासरी १ हजार दिसेल, जी वर्षातल्या कोणत्याच महिन्याचे खरे चित्र नाही. म्हणून हंगामी मालासाठी तारखांची मर्यादा बदलून महिनावार आलेख पाहावा. तिथेच 'स्पर्धा : जास्त' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्या शब्दासाठी जाहिरातदार बरेच आहेत एवढाच, फुकटच्या निकालांत वर येणे अवघड आहे असा नव्हे.

प्लॅनरला एकच रूप देऊन थांबणे मराठी बाजारात महागात पडते. आपली माणसे 'हापूस आंबा' देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत कधी एक 'यू' घालून तर कधी दोन 'ओ' घालून लिहितात, इंग्रजीत 'अल्फान्सो' शोधतात आणि आता फोनशी बोलूनही विचारतात. ही सगळी रूपे वेगवेगळी घालून पाहिली म्हणजे कोणत्या लिपीत मागणी आहे आणि कोणत्या लिपीत बोली स्वस्त आहे, हे दोन्ही उमगते.

संकेतस्थळ आधीपासून असेल तर गूगल सर्च कन्सोल उघडण्यास विसरू नये. आपले पान कोणत्या शोधांत फुकट दिसले, किती वेळा दिसले आणि किती क्लिक मिळाले याची १६ महिन्यांपर्यंतची नोंद तिथे असते. प्लॅनर अंदाज देतो, कन्सोल घडलेले सांगते, म्हणून दोहोंत तफावत पडली तर कन्सोलवर विसंबावे.

सर्च टर्म्स रिपोर्ट

या सगळ्या साधनांत एकच निवडायचे झाले, तर मी गूगल अ‍ॅड्समधील सर्च टर्म्स रिपोर्ट निवडेन. आपण खात्यात जे शब्द घालतो ते कीवर्ड, आणि लोक प्रत्यक्षात जे टंकतात ते सर्च टर्म. या दोहोंमधल्या अंतरातूनच पैसे गळतात. कीवर्ड तीन प्रकारे लावता येतो. चौकटी कंसात घातला तर त्याच अर्थाचे शोध धरले जातात, दुहेरी अवतरणचिन्हांत घातला तर तो अर्थ ज्यात सामावला आहे असे शोध, आणि नुसता लिहिला तर त्याच्याशी दूरान्वयाने संबंध असलेले शोधही. काहीच खूण न करता घाईत यादी चिकटवणारा माणूस नकळत तिसरा प्रकार निवडतो.

त्या तिसऱ्या प्रकाराने 'हापूस आंबा' लावला तर पहिल्या आठवड्याच्या अहवालात साधारण अशा ओळी निघतात : 'हापूस आंबा लागवड', 'हापूस कलम किंमत', 'आंबा मोहोर फवारणी', 'वाशी मार्केट हापूस आजचा भाव', 'आमरस वर्षभर कसा टिकवावा', 'देवगड आणि कर्नाटक हापूस फरक', 'हापूस पल्प डबा'. पहिल्या तिघांना पेटी नको आहे, ते स्वतः बागायतदार आहेत किंवा होऊ पाहत आहेत. त्यांच्या क्लिकचे पैसे मात्र पूर्ण लागले. म्हणून 'लागवड', 'कलम', 'फवारणी' हे शब्द नेगेटिव्ह कीवर्ड म्हणून घालायचे, म्हणजे ते ज्यात असतील त्या शोधांत जाहिरात दिसणार नाही. नेगेटिव्ह कीवर्ड स्वतःहून रूपे ओळखत नाही. 'कलम' घातल्याने 'कलमे' किंवा 'कलमांची' अडत नाही आणि 'रोप' घातल्याने 'रोपे' अडत नाही, म्हणून मराठीत एकेका शब्दाची एकवचनी, अनेकवचनी आणि सामान्यरूपे हाताने लिहून काढावी लागतात.

चौथ्या ओळीचा विचार जपून करायला हवा. 'भाव' हा शब्दच अडवला तर 'देवगड हापूस पेटी भाव' असे शोधणारे खरे गिऱ्हाईकही हातचे जाते. तिथे 'आजचा भाव' एवढा तुकडा अडवणे पुरेसे असते. सहावी ओळ अडवू नये. फरक विचारणाऱ्याला अस्सल माल हवा आहे आणि फसवले जाण्याची धास्ती आहे. त्याच्यासाठी एक वेगळे पान लिहावे, त्यात कोकणातील सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती द्यावी आणि जाहिरात थेट त्या पानावर न्यावी. शेवटच्या ओळीतला माणूस जे मागतो आहे ते आपण विकतच नाही, पण अशा ओळी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर पुढच्या वर्षी पल्पचा विचार करायला हरकत नसावी.

सप्टेंबर २०२० पासून गूगल या अहवालात फार थोड्या लोकांनी केलेले शोध दाखवत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या ओळींची बेरीज एकूण खर्चाशी जुळत नाही. ही उणीव मोठी आहे आणि तिला इलाज नाही. लहान खात्याने सुरुवातीला कंसातले आणि अवतरणातले कीवर्डच वापरावेत, म्हणजे न दिसणाऱ्या ओळींतही फारसा कचरा साचत नाही.

आपोआप निवडले जाणारे पर्याय

खाते उघडताना काही पर्याय गूगलने आधीच निवडून ठेवलेले असतात. ठिकाणाच्या बाबतीत 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले' असा पर्याय असतो. पेट्या पुण्यातच पोचवायच्या असतील तर पुण्यात रस असलेला दूरदेशीचा वाचक उपयोगाचा नाही, म्हणून 'तिथे असलेले' एवढेच ठेवावे. इथे पुष्कळांची गल्लत होते ती अशी की माल देवगडचा म्हणून ठिकाण सिंधुदुर्ग निवडतात. जिथे आंबा दारात पिकतो तिथे तो गूगलवर मागवणार कोण? भाषेच्या रकान्यात फक्त मराठी निवडू नये, कारण कित्येक मराठी माणसांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवाव्यात. शोध-जाहिरातीसोबत डिस्प्ले नेटवर्कची खूण आलेली असेल तर ती काढावी, नाहीतर तोच पैसा इतरांच्या संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपमध्ये जाहिरात दाखवण्यात जातो.

ऑप्टिमायझेशन स्कोअर नावाची टक्केवारी खात्यात ठळक दिसते आणि 'शिफारशी लागू करा' म्हणत राहते. तिचा लिलावातील क्रमाशी संबंध नाही. काही शिफारशी चांगल्या असतात, पण बजेट वाढवा आणि कीवर्ड सैल करा या दोन सल्ल्यांनी गूगलचे उत्पन्न वाढते हे विसरू नये, आणि शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय बंदच ठेवावी.

स्पर्धक काय करतात

मार्च २०२३ पासून गूगलचे अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटर खुले आहे. तिथे कोणत्याही जाहिरातदाराचे नाव किंवा संकेतस्थळ घालून त्याच्या सध्याच्या जाहिराती पाहता येतात. व्यापारी जाहिरातींचा खर्च किंवा कीवर्ड तिथे दिसत नाहीत, पण इतर आंबेवाले 'घरपोच मोफत' म्हणतात की 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' म्हणतात, एवढे कळले तरी आपला मजकूर वेगळा लिहायला मदत होते. स्वतःच्या खात्यातला ऑक्शन इनसाइट्स हा अहवाल, ज्या लिलावांत आपण होतो त्यांत आणखी कोण होते आणि ते किती वेळा आपल्या वर राहिले, याची नोंद देतो.

सेमरश, एचरेफ्स, स्पायफू अशी स्वतंत्र कंपन्यांची साधनेही आहेत. ती स्पर्धकांचे कीवर्ड आणि खर्च दाखवतात, पण ते त्यांच्या स्वतःच्या संग्रहावरून बांधलेले अंदाज असतात आणि वर्गणी महिन्याला बरीच मोठी असते. इंग्रजी कीवर्डवर मोठा खर्च करणाऱ्या कंपनीला ती उपयोगी आहेत. दोन-तीन महिन्यांच्या हंगामात मराठी कीवर्डवर थोडा खर्च करणाऱ्याने तो पैसा वाचवावा.

स्पर्धकाच्या नावालाच कीवर्ड करावे का, हा मोह अनेकांना होतो. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावावरून झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की नोंदणीकृत नाव कीवर्ड म्हणून वापरले एवढ्यानेच हक्कभंग होत नाही, परंतु त्यातून लोकांची दिशाभूल होत असेल तर होतो, आणि गूगलही या व्यवहारात निव्वळ मध्यस्थ म्हणून हात झटकू शकत नाही. दुसऱ्याचे नाव आपल्या जाहिरातीच्या मजकुरात घालणे तर टाळावेच.

क्लिकनंतरचे पान तपासण्यासाठी पेजस्पीड इनसाइट्स पुरेसे आहे. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, आणि आंब्याचे प्रचंड आकाराचे फोटो हे त्यातले नेहमीचे विघ्न असते. मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी हे फुकट साधन लोकांनी पानावर बोट कुठे फिरवले आणि कुठून ते निघून गेले, याचे चित्रणच दाखवते. मायक्रोसॉफ्टची स्वतःची जाहिरातसेवाही आहे आणि गूगलमधील सगळी मांडणी तिच्यात जशीच्या तशी आणता येते. भारतात बिंगचा वापर थोडा असल्याने स्थानिक विक्रीसाठी तिची घाई नको, पण अमेरिकेतील मराठी कुटुंबांपर्यंत पोचू पाहणाऱ्या निर्यातदाराने ती अजमावून पाहावी. सगळे शिकायचे असेल तर गूगलचे स्किलशॉप फुकट आहे; तिथले पाठ गूगलच्या बाजूने लिहिलेले आहेत एवढे ध्यानात ठेवावे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पेट्या संपल्या की मोहीम पुसून न टाकता थांबवावी. त्या दिवशीच सर्च टर्म्स रिपोर्ट, नेगेटिव्ह कीवर्डची यादी आणि प्रत्येक कीवर्डमागे झालेल्या विक्रीचा तक्ता उतरवून ठेवावा, कारण पुढच्या फेब्रुवारीत बोली ठरवताना ४० पैकी एक या मनाने धरलेल्या आकड्याच्या जागी खरा आकडा घालता येईल तो याच तक्त्यातून.